सप्टेंबरातली दोन कामं

सप्टेंबर उजाडला की बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असतात. आता एखादी सर यावी की पावसानं पुरतं थांबावं, यावर घराघरांत बोलणं चालू असतं. नेमक्या याच दिवसांत ब्रिटनमधलं पदव्युत्तर शिक्षणाचं वर्ष संपतं. तिथलं एम.ए. किंवा एम.एस्सी. बहुतेक एका वर्षाचं. पहिलं सत्र डिसेंबरात आटोपतं, दुसरं मार्चच्या आसपास, मग परीक्षा. आणि उन्हाळाभर लिहिलेला प्रबंध साधारण सप्टेंबरात जमा करायचा. भारतातून फोन येतो तेव्हा गावाकडे मूग निघालेला असतो, आणि घरच्यांचा एकच प्रश्न असतो: "कव्हा येतो?"

लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे या गावातल्या शेतकरी कुटुंबाचा मुलगा राजू केंद्रे 2021 मध्ये ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोअस विद्यापीठात गेला. त्याआधीची वाट सरळ नव्हती. बारावीनंतर पुण्यात शिकायला गेल्यावर राहण्याची सोय होईना, म्हणून ते शिक्षण सुटलं. पदवी घेतली ती यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. मग मेळघाटातलं काम, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं ग्रामविकासाचं पदव्युत्तर शिक्षण, आणि 2017 पासून ‘एकलव्य’ हा उपक्रम: घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या मुलामुलींना नामांकित संस्थांच्या प्रवेशासाठी तयार करण्याचा. म्हणजे लंडनला निघाला तो आधीच इतरांचे अर्ज तपासत असलेला माणूस होता. या एका गोष्टीमुळे त्याच्या वर्षाचा अर्थ बदलतो, असं वाटतं.

परदेशातलं सत्र संपण्याविषयी आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात मैत्री असते, पहिला बर्फ असतो, शेवटच्या दिवशी रिकामी केलेली खोली असते. ते खोटं नाही. पण ज्याच्या घरात आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेलं नाही, त्याच्या हातात वर्षाच्या शेवटी पदवीइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट असते: ही वाट प्रत्यक्ष कशी चालायची याची माहिती. ती कुठल्याही प्रमाणपत्रावर छापलेली नसते.

माहिती म्हणजे नेमकं काय? शिफारसपत्राचंच घ्या. अनेक विद्यापीठं ते प्राध्यापकाकडून थेट, महाविद्यालयाच्या अधिकृत ई-मेलवरून मागतात. तालुक्याच्या महाविद्यालयातले सर मनानं कितीही चांगले असले, तरी त्यांचा रोजचा पत्ता बहुधा जीमेलचाच असतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि वेगळ्या ओळीत आईचं. पासपोर्टवर क्रम निराळा. आणि दोन कागदांवरची नावं जुळत नाहीत म्हणून विचारणा. बुलडाणा जिल्ह्यातली महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे विद्यापीठाचा एखादा कागद हवा असला की लोणारच्या मुलानं अमरावती गाठायची. यातलं काहीही कठीण नाही. पण मुदत संपायला आठ दिवस उरलेले असताना यातलं प्रत्येक कळलं, तर वर्ष हातचं जातं.

पैशाचं तर आणखी निराळं. शिष्यवृत्ती नसलेल्या विद्यार्थ्याला ब्रिटनच्या व्हिसासाठी ठरावीक रक्कम सलग 28 दिवस खात्यात ठेवून दाखवावी लागते. पगारदार घराला हा नियम त्रासाचा वाटेल, पण समजेल. शेतकऱ्याच्या घरात दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा पैसा येतो आणि तो आला की कृषी केंद्राची उधारी, पीककर्ज, रब्बीचं बियाणं यांत निघून जातो. एवढी रक्कम महिनाभर खात्यात निवांत पडून आहे, असा महिना त्या घरानं पाहिलेलाच नसतो. नियम करणाऱ्यांच्या मनात हे घर नव्हतं. शैक्षणिक कर्ज मिळालं तर तो पुरावा चालतो, हे कोणीतरी सांगावं लागतं.

पैशापायी वर्ष अर्ध्यावर तुटण्याचा अनुभव या वाटेवर जुना आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले बाबासाहेब आंबेडकर 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास सोडून त्यांना परतावं लागलं. ज्या बोटीतून त्यांचं सामान येत होतं ती महायुद्धात पाणतीराला बळी पडली. ग्रंथही तिच्याबरोबर गेले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा कोणी देईना. लंडनच्या विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. तेवढ्या आधारावर, सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज घेऊन ते 1920 मध्ये पुन्हा निघाले. 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली. त्या दिवसांत ते राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं 10 क्रमांकाचं घर महाराष्ट्र शासनानं 2015 मध्ये विकत घेतलं. लंडनमध्ये शिकणारी मराठी मुलं तिथे जातात आणि जायलाच हवं.

आज शाहू महाराजांच्याच नावानं राज्य शासन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिष्यवृत्ती देतं. इतर प्रवर्गांसाठीही योजना आल्या आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, ज्यात भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांची मुलंही बसतात. मात्र 2022 मध्ये तिच्या नियमांत एक अट आली: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय परदेशात शिकायला या पैशातून जाता येणार नाही. भटक्या समाजातल्या मुलीला स्वतःच्या समाजाचा अभ्यास जगातल्या उत्तम ग्रंथालयात बसून करायचा असेल, तर तिनं विषय बदलावा, असाच याचा अर्थ होतो. ही अट चुकीची आहे आणि ती काढायला हवी.

चेव्हनिंगची अट वेगळ्या प्रकारची. ब्रिटिश सरकारची ही शिष्यवृत्ती 1983 पासून चालू आहे, आणि ती घेणाऱ्याला अभ्यास संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. तिथेच राहून कमावू पाहणाऱ्याला ती जाचते. त्याचा तो हिशेबही समजण्यासारखा आहे. पण बुलडाण्यासारख्या जिल्ह्याला या अटीमुळे एक माणूस परत मिळतो. केंद्रे परतला आणि एकलव्यच्या कामात परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शनही आलं.

बाहेरून इथे येण्याची वाट जुनी आहे. लोणारच्या सरोवरावर 1823 मध्ये अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी आला. पुढे अमेरिकेतल्या संशोधकांनीही इथल्या दगडांचा अभ्यास करून सरोवराचं हे विवर उल्कापातानंच झाल्याचं दाखवलं. दोनशे वर्षं बाहेरची माणसं इथे शिकायला येत आहेत. इथली मुलं बाहेर शिकायला जाणं मात्र अजूनही बातमीचा विषय आहे.

म्हणूनच वेळापत्रकाची एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रबंध जमा करण्याच्या त्याच दिवसांत चेव्हनिंगचे पुढच्या वर्षीचे अर्ज खुले असतात. साधारण ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यात नेतृत्व, लोकसंग्रह, ब्रिटनमध्येच का शिकायचं आणि पुढे काय करणार, यांवर निबंध मागतात. ज्यानं गावात टँकरसाठी तहसीलवर माणसं नेली, त्याला हे नेतृत्वाच्या निबंधात लिहायचं असतं हे ठाऊक नसतं. नुकत्याच परतलेल्या विद्यार्थ्याला ते पक्कं ठाऊक असतं, आणि त्याच्या आठवणी अजून ताज्या असतात. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयानं दर सप्टेंबरअखेरीस अशा परतलेल्यांना बुलडाण्याला, आणि एकदा घाटाखाली खामगावला किंवा मलकापूरला बोलवावं. जाण्यायेण्याचं भाडं द्यावं, शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना समोर बसवावं, आणि त्या दिवशी भाषणं न ठेवता फक्त अर्ज वाचावेत. सोंगणीचे दिवस असतात, म्हणून हे रविवारी नको. रविवारी मुलं शेतात असतात.