अवधाण

ताप आला तेव्हा आफ्रिकेहून परतून तीन दिवस झाले होते आणि भेटेल त्याला मी अजून सिंह सांगत होते.

जानेवारीत आम्ही नऊ जण दक्षिण आफ्रिकेला क्रूगर राष्ट्रीय उद्यान बघायला गेलो होतो. बहुतेक सगळे साठी ओलांडलेले. उद्यान जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटरचं, तेव्हा भीतीही त्याच मापाची बांधून नेली होती. मलेरियाची गोळी रोज न चुकता, संध्याकाळ झाली की अंगभर ओडोमॉस, जीपमधून हात बाहेर काढायचा नाही. त्यामुळे घरी थंडी वाजून ताप चढला तेव्हा पहिली शंका मलेरियाचीच आली.

रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंगी नाही. विडाल थोडी पॉझिटिव्ह. ‘टायफॉइड असेल’ म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सेफिक्झिम सुरू केलं. चार दिवस झाले तरी ताप १०२च्या खाली उतरेना. डोकं ठणकत होतं आणि मान अशी आखडली होती की उशीवरचं डोकं वळवायला हाताचा आधार लागायचा. आमच्या ह्यांनी मऊभाताला तूप जास्त घालून पाहिलं, पण तेही बाधेना की लागेना.

पाचव्या दिवशी अंघोळ करताना उजव्या जांघेत गाठ हाताला लागली. सुपारीएवढी, दाबली की दुखणारी. गाठ म्हटल्यावर आमच्या वयात मनात काय येतं ते सांगायला नको. मी मोरीतच स्टुलावर बसले. आणि चाळीस-पन्नास वर्षांत न उच्चारलेला एक शब्द आठवला, अवधाण. पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी, लहानपणी पायात काटा मोडला की जांघेत अशीच गाठ यायची. आजी गाठीकडे ढुंकूनही बघायची नाही. ‘अवधाण आलंय व्हय? मग पायाला कुठंतरी लागलंय. पाय बघ.’

पाय बघितला. वाकून दिसेना, म्हणून हातातला आरसा मागे धरला. गुडघ्याच्या लवणीत मसुराच्या डाळीएवढी काळी खपली होती, भोवती लाल कडं. जणू विझलेली उदबत्ती टेकवली असावी. दुखत नव्हती, खाजत नव्हती. म्हणूनच आठवडाभर तिचा पत्ता नव्हता.

मुलाने त्याच संध्याकाळी एका फिजिशियनबाईंकडे नेलं. त्यांनी रिपोर्टांची फाइल बाजूला ठेवली आणि बॅटरी घेऊन खपली बघितली.

“काकू, २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ होती, तेव्हा मी नागपूरला होते. अशी खपली तेव्हा शोधायला शिकले. काखेत, कमरेला, जिथे माणूस स्वतः बघत नाही तिथे. पण त्यात बहुतेक वेळा एकच असते.” बोलता बोलता त्यांनी माझे मोजे उतरवले. घोट्याच्या वर, मोज्याच्या इलॅस्टिकखाली दुसरी. पोटरीला तिसरी, नुकती काळी पडू लागलेली. “तीन! गवतातून चाललात का कुठे?”

चाललो होतो की. एका पहाटे दोन बंदूकधारी गाइडांमागे एका रांगेत, तीन तास. निघताना गाइडने सगळ्यांना पँट मोज्यात खोचायला सांगितलं होतं. मला ते फोटोत बावळट दिसेल असं वाटलं. मध्ये कॉफीला थांबलो, तेव्हा मी ऐसपैस गवतातच बसले. शेजारी गाइड उभ्याउभ्याच कॉफी पीत पँटवरून हात झटकत होता. मला वाटलं, धूळ झटकतोय.

“गोचीड,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. गोचिडांत वाढलेली बाई मी! आमच्या कपिलेच्या कानामागून, कासेजवळून आजी एरंडाच्या बीसारखे टरारलेले गोचीड काढायची आणि रॉकेलच्या करवंटीत टाकायची. पण ते गुरांचं दुखणं, माणसाचं नव्हे, असंच डोक्यात बसलेलं.

तिकडचा गोचीड मात्र आगाऊ. रंगीबेरंगी पाठीचा, पायांवर पांढरी कडी असलेला. गवताच्या टोकावर बसून वाट बघण्यापेक्षा तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत स्वतःच चालत येतो. एकापेक्षा जास्त गोचीड चावतात, म्हणून खपल्याही अनेक. त्याच्या लाळेतून रिकेट्सिया आफ्रिके हा जिवाणू अंगात शिरतो आणि साधारण आठवड्याभराने ताप येतो. हे जिवाणू आपल्या पेशींच्या आत राहतात, तिथे सेफिक्झिमचं काही चालत नाही. रिकेट्सिया हे नाव हॉवर्ड रिकेट्स या अमेरिकन शास्त्रज्ञावरून पडलं. याच कुळातल्या टायफसचा शोध घेताना तो १९१० साली मेक्सिकोत टायफसनेच गेला. “पण तुमचा प्रकार त्यामानाने सौम्य,” बाई म्हणाल्या. “आणि हा गटागटाने येतो. बरोबरच्यांना विचारा बरं.”

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोवर गेंड्यांचे फोटो चालले होते. मी विचारलं, “कोणाला ताप? पायाला काळी खपली?” पाच मिनिटं सन्नाटा. मग नाशिकहून एक पोटरी आली. डोंबिवलीहून एक घोटा. दोघंही ‘फ्लू’ म्हणून क्रोसिन घेत घरी पडले होते.

अँटिबॉडीची तपासणी पाठवली, पण तिच्यासाठी थांबायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं. रक्तात अँटिबॉडी दिसायला तीन-चार आठवडे लागू शकतात. झालंही तसंच. पहिला नमुना निगेटिव्ह आला, महिन्याने घेतलेला पॉझिटिव्ह. तोवर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री घामाने गाऊन भिजला आणि पहाटे मी स्वतः उठून चहा टाकला. मलेरियासाठी काही प्रवासी हीच गोळी नेतात म्हणे. मी नेली होती ती दुसरी, महागाची.

अवधाण जायला दोन आठवडे लागले. खपल्या पडल्या, त्या जागी फिकट डाग राहिलेत. मुलाने सहलीचा अल्बम छापून आणला, त्यात सिंहाचे अठ्ठावीस फोटो आहेत. शेवटच्या पानावर मी हट्टाने गुडघ्याच्या लवणीचा फोटो लावून घेतलाय. पाहुणे सिंह बघून पान उलटतात आणि थबकतात. मग मी चहा ठेवते आणि खरी गोष्ट सांगायला बसते.