सिरका

माझ्या बी.एड.च्या मैत्रिणीने सलग सहा वर्षे दर ईदला आमच्याकडे येऊन शीरखुर्मा खाल्ला, बिर्याणी खाल्ली आणि डबा भरून घरीही नेली. त्या सहा वर्षांत मी तिच्याकडे काय खाल्ले, असे कोणी विचारले तर उत्तर दोन शब्दांचे आहे: चहा आणि केक. नाताळचा केकही अम्मीने ‘यात रम नाही ना?’ असे फोनवर विचारून घेतल्यानंतर. आपल्या मेहमाननवाजीचे आपण फार कौतुक करतो. पण ती बरीचशी एकतर्फी असते. आपण खाऊ घालतो, आणि दुसऱ्याच्या ताटावर बसायची वेळ आली की हात आखडता घेतो. त्याला कारण आहे आणि ते मी हलके मानत नाही. पण ते कारण किती रुंद आहे, आपण उगाच किती रुंद करून ठेवले आहे, हे तपासून पाहायला काय हरकत आहे?

मैत्रीण ईस्ट इंडियन कॅथलिक, वांद्र्याच्या रानवार गावठाणातली. मी वांद्र्यालाच उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. माझी नोकरी कायम झाली तेव्हा मी तिला पार्टी द्यायची, तर तीच म्हणाली, “या खेपेला मी खाऊ घालणार. आणि तुझ्या मोहल्ल्यात नाही, माझ्या गल्लीत.”

तिच्या गल्लीतल्या त्या हॉटेलला ती ‘पोर्तुगीज’ म्हणते. सहा टेबले, भिंतीवर क्रूस आणि एक जुनी गिटार. पोर्तुगालमध्ये गल्लीबोळातल्या अशा लहान खाणावळीला ‘ताश्का’ म्हणतात. आता वांद्र्यात पोर्तुगीज माणूस कुठला! मालकाचे वडील गोव्याहून आलेले, स्वयंपाकघरातल्या बाया इथल्याच ईस्ट इंडियन. पण नाव अगदीच खोटे नाही. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. म्हणजे हे दार एका मुसलमान सुलतानानेच उघडून दिले! त्यानंतर सेंट अँड्र्यूज चर्च 1575 मध्ये आणि टोकावरचा किल्ला 1640 मध्ये उभा राहिला. 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, 1739 मध्ये वसई पडली आणि पोर्तुगीज गेले. त्यांनी बाटवलेले कोळी, कुणबी, आगरी मात्र इथलेच होते, ते इथेच राहिले. बोली मराठी, धर्म रोमचा. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतले. इंग्रजांच्या नोकऱ्यांसाठी गोव्याहून येणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे, आधीचे, हे सांगण्यासाठी.

मेनूकार्ड उघडले आणि पहिल्याच ओळीवर सोरपोटेल. दुसरीवर डुकराचे विंदालू. मी कार्ड मिटले. मैत्रीण काही बोलली नाही. वाढणाऱ्या वयस्क काकांना मी सरळ विचारले, “काका, मी मुसलमान आहे. मला काय चालेल?” मला वाटले होते ते अवघडतील. पण ते टेबलावर हात टेकून म्हणाले, “डुकराचा टोप वेगला हाय, बाई. डाव पन वेगला. कोंबडी बाजार रोडच्या तुमच्या खाटकाकडची. पन तुमाला शंका असंल तर मावरं खा. मावऱ्याला कसली शंका?”

‘मावरं’ हा शब्द मी दापोलीला नानीच्या तोंडून ऐकला होता. मुंबईत, अशा टेबलावर, तो पुन्हा भेटेल असे वाटले नव्हते.

मग कोलंबीचा बालचाव आला, रेशाद मसाला भरलेले बोंबील आले आणि सान्ना आल्या. सान्ना म्हणजे आमची सांदणे! फक्त आमच्या घरी ती यीस्टवर फुगवतात आणि ओल्या नारळाच्या गोड दुधाबरोबरही खातात. सान्नांचे पीठ पूर्वापार ताडीवर फुगते. मी काकांकडे पाहिले. ते म्हणाले, “यीस्ट हाय, बाई. आता ताडी कुटं मिलते?” त्यांच्या आवाजात त्याचे दुःख होते, माझ्या मनात त्याची सुटका. बोंबलाचा मसाला जिभेवर चढला तेव्हा आठवले की ही लाल मिरची तरी आपली कुठे आहे! मिरची, बटाटा, काजू, अननस, पपई हे सगळे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांवरून इकडे आले. रमजानात आपण इफ्तारला जी फळे कापतो त्यांतली अर्धी त्यांनी आणलेली. आणि खिमा-पाव? मुंबईच्या मुसलमानी हॉटेलाची ही ओळख, तिच्यातला पाव हा शब्दही त्यांचा आणि वस्तूही त्यांची. वर्गात मी हा धडा नेहमी घेते. मराठीतले पगार, चावी, घमेले, साबण फळ्यावर लिहिते आणि समोर मुलींना उर्दूतले कमरा, अलमारी, तौलिया, बालटी लिहायला लावते. दोन्ही बाजूंना पोर्तुगीज निघाले की मुली एकमेकींकडे बघून हसतात.

उलटा प्रवासही झाला आहे. त्या कार्डावर ‘चिकन काफ्रेल’ होते. ही हिरव्या मसाल्याची कोंबडी मोझांबिककडून गोव्यात आली असे म्हणतात. अरब व्यापारी तिकडच्या लोकांना काफिर म्हणत, त्याचे पोर्तुगीजांनी ‘काफ्र’ केले, आणि त्यावरून कोंबडीचे नाव पडले. काफिरांच्या पद्धतीची कोंबडी, खाटीक मुसलमान, हॉटेल कॅथलिक. मी ती मागवली नाही, पण नाव वाचून हसू आवरेना.

खरा प्रश्न बालचावाने उभा केला. त्याची आंबट धार सिरक्याची, आणि गोव्याकडचा सिरका नारळाच्या ताडीचा. ताडी नशा आणणारी. मग तिचा सिरका? घरी येऊन मी मौलवीसाहेबांना विचारले. (आधी का विचारले नाहीत, असे अम्मी म्हणाली. आधी विचारले असते तर गेलेच नसते!) आमचे कोकणी घर शाफई. खाडीपलीकडे माहीमला विसावलेले मखदूम अली माहिमी, ज्यांचा इंतकाल 1431 मध्ये झाला, तेही शाफई फकीह. मौलवीसाहेब म्हणाले की शाफई मसलकात नशेची चीज आपोआप आंबून सिरका झाली तर ती पाक. मुद्दाम काही घालून सिरका केली तर नाही. हनफी मसलकात दोन्ही जायज. ताडी मडक्यात ठेवली की हवेनेच सिरका होते. शिवाय हदीसमध्ये सिरक्याची तारीफ आलेली आहे. सिरका हा शब्द फारसी. जुन्या इराणी-अरबी स्वयंपाकात ‘सिकबाज’ नावाचे सिरक्यातले सालन होते, आणि पोर्तुगीजांचे सिरक्यात मुरवलेले ‘एस्काबेश’ हे नाव त्याच्याच घराण्यातले, असे भाषेचे अभ्यासक मानतात. माझ्या मनातली गाठ सुटली.

डुकराची गाठ मात्र वेगळी आहे आणि ती सुटायची गरज नाही. पण तिच्यामागचा इतिहास माहीत असावा. डिसेंबर 1496 मध्ये पोर्तुगालच्या राजा मानुएलने ज्यू आणि मुसलमान यांना देश सोडायचा हुकूम काढला. जे बाप्तिस्मा घेऊन राहिले, त्यांच्या चुलीवर नजर ठेवली गेली. डुक्कर खात नाही म्हणजे मनातून जुन्याच धर्माचा. तिकडे ‘अल्येइरा’ नावाचा एक सॉसेज आहे, पाव आणि कोंबडीचा. शेजाऱ्यांना डुकराचा वाटावा म्हणून तो ज्यूंनी काढला, असे परंपरा सांगते. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन आले तेव्हा हीच नजर इकडेही आली. मी हे मैत्रिणीला सांगितले, तेव्हा तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, “आमच्या लग्नात सोरपोटेल आणि फुगे नसतील तर लोक नावं ठेवतात. आमच्या पणजीच्या पणजीने ते पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.”

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बीफ रोस्ट मागत होते. काकांनी म्हशीचे असल्याचे सांगितले. मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून त्यांचे रोस्ट आणि आमचे निहारी-कबाब एकाच कायद्याखाली आले आहेत. त्या गृहस्थांची कुरकुर मला आमच्या गल्लीतल्या कुरकुरीसारखीच वाटली.

बाहेर पडताना एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला पाहिले. चार दिवसांनी ते शाळेत आले. अदबीने बोलले, पण विचारलेच: “टीचर, आप वहाँ खाती हैं?” मी म्हटले, “जी, मछली.” मग काकांचा वेगळा टोप सांगितला, सिरक्याचा मसला सांगितला. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “फिर भी, देखने वाले क्या समझेंगे?” या प्रश्नाला माझ्याकडे फिक्हचे उत्तर नव्हते. मी एवढेच विचारले की त्यांच्या घरी ईदला बिगरमुस्लिम शेजारी जेवायला येतात का. म्हणाले, “हर साल.” त्या शेजाऱ्यांनाही बघणारे लोक असतीलच, असे मी म्हटले. ते गप्प झाले. त्यांची मुलगी अजून माझ्या वर्गात आहे, मराठीत चांगली आहे.

माझे शौहर अद्याप तिथे आलेले नाहीत. त्यांना वास नको वाटतो, आणि मी आग्रह करत नाही. मैत्रिणीच्या गावठाणातली घरे एकेक करून टॉवरखाली जात आहेत, तेव्हा ती सहा टेबले किती दिवस राहतील याची तिलाच खात्री नाही. पुढच्या महिन्यात परीक्षा संपल्या की आम्ही दोघी जाणार आहोत. काकांनी पापलेटची काल्दीन खाऊन बघायला सांगितली आहे. तिला नारळाचे दूध लागते आणि आंबटपणाला थोडा सिरका.