वादळाची बातमी आणि पावसाचा हिशेब

हिवरे बाजार आमच्या नगरपासून (आताचं अहिल्यानगर) जेमतेम सतरा किलोमीटरवर. पण 'जाऊ एकदा' म्हणता म्हणता वर्षं गेली. शेवटी मुहूर्त लागला तो श्रीवर्धनहून नणंदबाई माहेरपणाला आल्या तेव्हा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि निघालो.

गाव पाहून डोळे निवतात. स्वच्छ रस्ते, एका रंगाची नेटकी घरं, डोंगरउतारावर समतल चर आणि दाट झाडी. पोपटराव पवारांनी १९९० च्या सुमारास गावाची सूत्रं हाती घेतली, तेव्हा हेच डोंगर बोडके होते. इथं पाऊस कमीच; पण पडलेला पाऊस गावकरी मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअरवेल नाही. पगार हाती आल्यावर आपण वाण्याचं, दूधवाल्याचं बाजूला काढतो ना, तसंच!

हे ऐकून वन्सं एकदम म्हणाल्या, "वहिनी, यांना आपल्या गावाचा पाऊस ठाऊक आहे. त्या दिवशी आम्हाला आमचं वादळसुद्धा ठाऊक नव्हतं."

त्या दिवशी म्हणजे ३ जून २०२०. टाळेबंदीमुळे सगळे घरात आणि सकाळपासून टीव्ही चालू. 'निसर्ग' चक्रीवादळ मुंबईवर येतंय! शंभराहून अधिक वर्षांत असं वादळ मुंबईनं पाहिलं नाही, हे वाक्य दर पाच मिनिटांनी. रेनकोट घातलेले वार्ताहर समुद्रापाशी उभे. वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद, विमानतळ काही तास बंद. आमच्या शेजारणी मुंबईच्या लेकींना फोन करकरून 'पाणी भरून ठेव, मेणबत्त्या काढून ठेव' सांगत होत्या. मीही चुलत बहिणीला दादरला दोनदा फोन केला. श्रीवर्धनला मात्र एकदाच, तोही सकाळी. वन्सं म्हणाल्या, "इथं वारा आहे, पण वादळ मुंबईला ना?"

दुपारी वादळ किनाऱ्याला लागलं ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा! संध्याकाळी टीव्हीनं सांगितलं, मुंबईवरचं संकट टळलं. फोनवर विनोदही फिरू लागले, की वादळ आलंच नाही म्हणून. आणि इकडे आम्ही नंबर फिरवतोय, तर श्रीवर्धन मुकं. वीज नाही, फोन नाही. सासूबाईंनी देव पाण्यात घातले. सहाव्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून वन्संचा आवाज आला, "माणसं आहोत. वाडी गेली."

सासऱ्यांच्या हातची सुपारी, नारळ आडवे झाले होते. कौलं उडाली होती. नवी रोपं लावली, तरी सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागायची. त्या वर्षी वन्संनी घर कसं चालवलं, ते त्यांनाच माहीत.

पुढं आमच्या ह्यांनी जुनं वर्तमानपत्र काढून दाखवलं. हवामान खात्यानं आधीच सांगितलं होतं, की वादळ हरिहरेश्वर ते दमणच्या दरम्यान, अलिबागजवळ धडकेल. हरिहरेश्वर म्हणजे श्रीवर्धन तालुकाच की! नाव छापलेलं होतं. आम्ही ऐकली फक्त मुंबई, कारण तिचंच नाव मोठ्यानं घेतलं जात होतं. मुंबईची काळजी वाहण्यात चूक काहीच नव्हती. आपल्या माणसाचं गाव त्यात शोधलं नाही, ही चूक आमची.

म्हणून मैत्रिणींनो, वादळाची बातमी आली की आधी हवामान खात्याच्या सूचनेत आपला जिल्हा, आपला तालुका आहे का ते पाहा. माहेर, सासर, लेकीचं गाव, सगळ्यांचं पाहा. फोन आणि बॅटरी चार्ज करा, पिण्याचं पाणी, औषधं, काडेपेटी हाताशी ठेवा, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. पत्र्याचं किंवा कच्चं घर असेल, तर वेळेवर पक्क्या जागी जा. आणि वादळ 'टळलं' म्हणाले, तर कुणावरचं टळलं ते विचारा.

परत येताना वन्सं गाडीच्या खिडकीतून त्या हिरव्या डोंगराकडे बघत होत्या. "तीस वर्षं लागली असतील ना हे व्हायला?" म्हणाल्या. मग स्वतःशीच बोट मोडून मोजलं, "माझी सुपारी त्याच्या आधी धरेल."

आम्ही दोघी हसलो. दशम्यांचा डबा रिकामा झाला होता.