आमच्या घरच्या शाळेचं पान

मुलांनो, तुमच्या शाळेत परिपाठ होतो ना? प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, मग बातम्या, दिनविशेष... आमच्या शाळेत मुलांचा सगळा जीव बातम्यांवर. मुंबई-दिल्लीच्या बातम्या मी वर्तमानपत्रातून उतरवून द्यायची, पण त्या आपल्या ऐकायच्या म्हणून ऐकायच्या. खरी मजा गावच्या बातमीत. ‘काल रात्री खालच्या वाडीत बिबट्या आला होता’ असं वाचणाऱ्या पोराचा त्या दिवशीचा रुबाब काय सांगू!

आमची शाळा अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या बाजूच्या डोंगरात. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, मुलं ३७, आणि ती तीन वाड्यांवर विखुरलेली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि आमचा परिपाठही बंद पडला. मग घरच शाळा झाली. ऐकायला छान वाटतं, पण आमच्याकडे २४ घरांत स्मार्टफोन होते सात. त्यातही रेंज हवी तर देवळामागच्या टेकाडावर चढायचं आणि हात उंच करून उभं राहायचं. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं. ते चांगलं होतं, ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर मुलं जमायची. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज आली तर पाहुणी, गेली तर घरची!

तेव्हा मी एक उद्योग केला. शाळेच्या पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य त्या काळात घरी न्यायला द्यायचो. पालक पिशवी घेऊन यायचे, लांब-लांब उभे राहायचे. त्या पिशवीबरोबर मी एक पान द्यायला लागले. फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी हातानं लिहिलेला. झेरॉक्सचं दुकान बंद, म्हणून कार्बन घालून तीन प्रती, प्रत्येक वाडीला एक. नियम असा की पान एका घरी एक रात्र राहील, सकाळी पुढच्या घरी जाईल आणि शेवटच्या घरातून माझ्याकडे परत येईल.

पहिलं पान जुलै २०२० चं. वर मोठ्या अक्षरांत महिन्याच्या बातम्या, एक कोडं, पाठ्यपुस्तकातला कुठला भाग करायचा ते, आणि खाली एक तक्ता. कोणी किती स्वाध्याय पूर्ण केले, नावापुढे आकडा. मला वाटलं, चढाओढ लागेल, मुलं अभ्यास करतील. डी.एड. ला असताना आम्हाला भिंतीवर असले तक्ते लावायला शिकवलं होतं, मीही हौसेनं लावत आलेली.

दोन वाड्यांची पानं आली. वरच्या वाडीचं येईना. आठ दिवस वाट पाहिली आणि मीच गेले. शेवटचं घर तिसरीतल्या एका मुलीचं. (तिचं नाव सांगत नाही. तिनंच सांगू नका म्हटलंय.) मला लांबून पाहिल्याबरोबर ती गोठ्यामागे पळाली. तिच्या आईनं फळीवरून पान काढून दिलं. तक्त्यातली एक ओळ कापलेली होती. फाडलेली नव्हे बरं का, विळ्याच्या टोकानं सरळ कापून काढलेली. चौकोनी भोक पडलं होतं.

“बाई, आम्हाला वाचाया नाही येत,” आई म्हणाली, “पण त्या घरच्या पोरांनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. शून्य, शून्य म्हणून. दोन दिस चिडवत होती.”

मी खालीच बसले. जुलै महिना म्हणजे आमच्याकडे भाताची आवणी. गुडघाभर चिखलात, पाठीवर पाऊस घेत रोपं लावायची. ती पोरगी रोज खाचरात होती. धाकटा भाऊ बांधावर ठेवून रोपांच्या जुड्या आईला पुरवत होती. कुठल्या खाचराला किती जुड्या लागतील हे ती उभ्या उभ्या सांगायची, असं आई म्हणाली. आणि मी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं होतं! तिला विचारलं होतं का मी, महिनाभर तू काय केलंस म्हणून? नाही. त्या पानात माझंच बोलणं होतं, दोन्ही बाजूंनी.

गोठ्याकडे तोंड करून मी म्हटलं, “चुकलं माझं. तक्ता बंद.” आतून काही उत्तर आलं नाही. शेळी तेवढी ओरडली.

ऑगस्टपासून पान बदललं. तक्ता गेला. प्रत्येक घरानं एक बातमी द्यायची, कोणतीही, आणि ती त्या घरच्या पोरानं सांगितली तशीच छापायची (छापायची म्हणजे लिहायची!). किती बातम्या आल्या! कोणाच्या आजोबांनी पोळ्याला मातीचे बैल केले. कोणाच्या घरात नाग निघाला आणि आपल्या वाटेनं गेला. एकाची बातमी होती, ‘वडील पुण्याहून आले. कंपनी बंद आहे. आता ते मला पाढे विचारतात, त्यामुळे मी रानात असतो.’

एका महिन्यात मी त्यांना ऑस्ट्रेलियाची गोष्ट लिहिली. तिथल्या मधल्या ओसाड मुलखात गुराढोरांची प्रचंड मोठी रानं आहेत, एका घरापासून दुसरं घर कोसन्‌कोस दूर. त्या मुलांसाठी ८ जून १९५१ रोजी अॅलिस स्प्रिंग्ज गावातून रेडिओवरची शाळा सुरू झाली. विमानातून जाणाऱ्या डॉक्टरांचं रेडिओचं जाळं होतं, तेच वापरलं. पायानं पायडल मारून वीज करायची आणि बोलायचं, असे रेडिओ त्या मुलखात आधीपासून होते. त्या एका शाळेचा विस्तार १३ लाख चौरस किलोमीटरच्या वर सांगतात, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौपट! मुलं वर्षातून थोडेच दिवस अॅलिस स्प्रिंग्जला जमतात आणि एरवी फक्त आवाजानं ओळखलेल्या मित्रांना तेव्हा प्रत्यक्ष पाहतात. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडली. अगदी सुरुवातीला शिक्षिका बोलायच्या आणि मुलं नुसती ऐकायची. मग पाठानंतर मुलांनी प्रश्न विचारायची सोय झाली आणि शाळा रंगली. आमच्या एका पहिलीतल्या पोरानं यावर बातमीच्या जागी प्रश्न पाठवला, ‘त्यांना तांदूळ कोण नेऊन देतं?’

वरच्या वाडीच्या शेवटच्या घराची जागा मात्र रिकामीच. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. मी गेले की ती आता पळायची नाही, समोर बसायची, गणितं करायची. पण बातमी विचारली की, “माझं नका लिहू.” मी जागा रिकामी सोडत गेले.

दिवाळीनंतर भातं निघाली आणि दरवर्षीसारखी वाडीतली माणसं मजुरीसाठी नारायणगावकडे निघाली. तिचं घरही गेलं. असं एकदा पोर गेलं की पुढे शाळेत येईल की नाही याचा काही नेम नसतो, हे मी आठ-दहा वर्षांत पाहिलंय. मजुरांना न्यायला जीप येते, तिच्या ड्रायव्हरकडे मी डिसेंबरचं पान दिलं. जास्तीची एक प्रत काढली होती. दिलं खरं, पण आशा नव्हती.

जानेवारीत त्याच जीपमधून खताच्या गोणीच्या कागदाचा एक तुकडा आला. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. शुद्धलेखन मी सुधारलंय, बाकी तसंच देते :

‘नारायणगावच्या बातम्या. इथे कांद्याची रोपं लावतात. भातासारखंच आहे पण पाण्यात उभं राहावं लागत नाही. पालावर ११ मुलं आहेत. शाळा नाही. मी त्यांना पान वाचून दाखवलं. ऑस्ट्रेलियाचं पण पाठवा, मी त्यांना तोंडी सांगितलं तर खोटं वाटलं. तक्ता नको.’

ही बातमी मी पानाच्या अगदी वर लिहिली. आणि पुढच्या वेळी जीपमधून एका ऐवजी दोन पानं गेली.

शिमग्याला ती घरी आली. १ डिसेंबर २०२१ ला आमचे पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले, तेव्हा ती चौथीत होती. पण तेव्हा पुन्हा मजुरीला निघायचे दिवस! मी तिच्या वडिलांशी बोलायला गेले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पोरगी बरोबर असली की धाकट्याला सांभाळते, मग आईची मजुरी मिळते. घराचा हिशोब त्या मजुरीवर. मी गणित शिकवते, पण त्या गणिताला माझ्याकडे उत्तर नव्हतं. “शाळा भरली आहे, तेवढं सांगायला आले,” म्हणून उठले.

तीन-चार दिवसांनी सकाळी पाहते तर ती शाळेच्या फाटकात उभी. आजीजवळ राहिली होती. भावाला आई घेऊन गेली.

त्या दिवशी परिपाठात बातम्या वाचायला मी तिला उभं केलं, हातात वर्तमानपत्राचं कात्रण दिलं. तिनं ते बाजूला ठेवलं आणि खिशातून आपला कागद काढला.

“बातम्या. काल संध्याकाळी साडेपाच वाजता जीप आली. माझे आईवडील नारायणगावला गेले. भाऊ रडला, पण बिस्कीट दिल्यावर थांबला. वरच्या वाडीतली आता नऊ घरं बंद आहेत. बातम्या संपल्या.”

कोणी हूं की चूं केलं नाही. तिनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि दिनविशेष वाचायला लागली.