आधी उपकरण, मग लॅपटॉप

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात तपासणीला येतात ती मोजमापाची उपकरणं: टेबलावरचे मल्टीमीटर, ऑसिलोस्कोप, तापमानाचे डेटा लॉगर. चांगला मल्टीमीटर वीस-पंचवीस वर्षं इमानाने चालतो. त्याच्याशी बोलणारा लॅपटॉप मात्र इतकी वर्षं टिकत नाही, आणि नवा घ्यायला गेलं की पंचाईत सुरू होते.

जुन्या उपकरणाच्या पाठीवर असतो नऊ पिनांचा सिरियल पोर्ट, म्हणजे १९६० सालापासूनचं आरएस-२३२. नाहीतर जीपीआयबी, एचपीने घडवलेलं आणि १९७५ साली आयईईई-४८८ म्हणून प्रमाणित झालेलं. आजच्या सडपातळ लॅपटॉपला यातलं काहीच नसतं. ‘कन्व्हर्टर लावा, झालं काम,’ असं लॅमिंग्टन रोडला सांगतात. विंडोजवरच्या प्रोग्रामला ते बहुतेकदा पुरतं. पण डॉसचे कितीतरी प्रोग्राम थेट ३एफ८ या पत्त्यावरचा पोर्ट शोधतात, आणि यूएसबी कन्व्हर्टर त्या पत्त्यावर राहतच नाही. शिवाय ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर बसत नाही. कंपनीने नवा काढला नसेल, तर कितीही महागडा प्रोसेसर घ्या, उपयोग शून्य.

म्हणून मी उपकरणापासून सुरुवात करतो. त्याचा ड्रायव्हर कुठल्या विंडोजपर्यंत चालतो ते आधी बघायचं, मग पोर्ट, आणि लॅपटॉप सगळ्यात शेवटी. डेल लॅटिट्यूड डी६३०, पॅनासॉनिक टफबुक सीएफ-३१ अशा जाडजूड मशीनांना सिरियल पोर्ट अंगचाच असतो. सेकंडहँड बाजारात माझी नजर त्यांच्यावरच असते. पोर्ट जिवंत आहे का, हे बघायला दुकानात एक तार पुरते. पिन दोन आणि तीन जोडायच्या, टर्मिनल प्रोग्राममध्ये एक अक्षर दाबायचं. तेच अक्षर परत आलं, तार काढल्यावर यायचं थांबलं, की पोर्ट धड आहे.

चार्जरकडे फारसं कुणी पाहत नाही. दोन पिनांच्या चार्जरमधून किंचित गळणारा प्रवाह मोजमापात शिरतो. मिलिव्होल्टचं रीडिंग घेताना शेवटचे आकडे नाचत असले, तर चार्जर काढून बॅटरीवर रीडिंग घेऊन बघा. पुष्कळदा ते जागच्या जागी स्थिरावतात. सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी मी यासाठीच नीट तपासून घेतो.

जुनं विंडोज असलेला लॅपटॉप इंटरनेटला जोडू नका. आणि विकत घ्यायला जाताना उपकरण व त्याची केबल सोबत न्या. दुकानातच एक रीडिंग स्क्रीनवर आणून बघा, पैसे त्यानंतर द्या.