भिंतीचा काळोख

प्रोजेक्टर कितीही महागाचा घ्या, त्याला काळा रंग फेकता येत नाही. पडद्यावरच्या मुलीचे काळेभोर डोळे दिसतात, तिथे यंत्राने जवळजवळ काहीच पाठवलेलं नसतं. ती नुसती भिंत असते, उजेड न पडलेली.

पिशवीत मावणाऱ्या अनेक प्रोजेक्टरांच्या पोटात नखाएवढी चिप असते आणि तिच्यावर लाखो आरसे, एकेक केसाच्या जाडीहून लहान. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ही करामत साधली. आरशाला दोनच गोष्टी येतात: भिंगाकडे झुकायचं, नाहीतर पाठ फिरवायची. सेकंदाला हजारो वेळा हे चालतं. जास्त वेळ पाठ फिरवली की सावली गडद. म्हणजे दाखवण्याइतकंच राखून ठेवण्यातूनही चित्र घडतं, आणि मला या यंत्राचं हेच फार आवडतं.

पण काळोख त्याला पिशवीतून नेता येत नाही. तो जागेकडेच मागावा लागतो. एका खेड्यातल्या शाळेत सूर्यमाला दाखवत होते. खिडक्यांना सतरंज्या लावलेल्या, प्रोजेक्टर पुस्तकांच्या चळतीवर. चुन्याच्या भिंतीचा एक पोपडा नेमका मंगळावर आला, तर पोरांना तो तिथला खड्डाच वाटला. मग शनीची पाळी आली आणि पत्र्याच्या भोकातून आलेला कवडसा त्याच्या कड्यांशेजारी पडला. तेवढं आकाश फिकं झालं. कुणी न सांगता एक मुलगा बाकावर चढला आणि दप्तर उंच धरून उभा राहिला. कडी पुन्हा उजळली. हात भरून आले तरी तो खाली उतरेना.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले, तेव्हा काचेवर हाताने रंगवलेली चित्रं पडद्यावर हलत. गावोगाव फिरणाऱ्या त्या सामानालाही अंधार मुक्कामाच्या गावातच मिळवावा लागला असणार.

कार्यालयांत मात्र ट्यूबलाइट चालू ठेवूनच प्रोजेक्टर लावतात. फिके आलेख, फिके चेहरे. त्या लाखो आरशांवर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. दुकानात गिऱ्हाईक ल्युमेन, म्हणजे उजेड, किती ते विचारतं, तेही बघावंच. पण माझ्याकडे कुणी सल्ला मागायला आलं, तर मी आधी विचारते, खोलीला खिडक्या किती आणि त्यांना जाड पडदे आहेत का?