आजाऱ्याच्या उशाशी बसताना



गेल्या पावसाळ्यात निपाणीतल्या आमच्या धर्मग्रामातील एक मावशी आजारी असल्याचे कळले. आयुष्यभर विड्या वळून त्यांनी घर चालवलेले. संध्याकाळी आम्ही चौघे रोझरी घेऊन त्यांच्याकडे गेलो. चार दिवस ताप, लघवीला जळजळ. मावशींना धाप लागली होती, हात गार पडले होते, मध्येच काहीतरी असंबद्ध पुटपुटत होत्या. आम्हांला वाटले, त्या प्रार्थनेत रमल्या आहेत. रोझरी झाली, चहा घेतला, आम्ही घरी परतलो.

पहाटे त्यांना कोल्हापूरला अतिदक्षता विभागात न्यावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "या कधीपासून बरळताहेत?"

आम्ही खाली मान घालून म्हणालो, "काल संध्याकाळपासून."

हा सेप्सिस होता. जंतुसंसर्गाशी लढताना शरीर स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागते. रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे थकतात. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. संसर्ग झालेल्याचा श्वास २२ किंवा त्याहून जास्त झाला, बोलणे बरळल्यासारखे झाले, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहायची नसते. रक्तदाब कोसळला, तर अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावे लागते.

देवकृपेने मावशी वाचल्या. पण ती संध्याकाळ आमच्या मनाला अजून टोचते.

मार्काच्या शुभवर्तमानात चौघेजण पक्षाघाती माणसाला उचलून आणतात. दारात गर्दी, म्हणून छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, तो त्या धडपडीत. आम्हीही चौघेच होतो. पण आम्ही खाटेजवळ बसून राहिलो. आपल्याजवळच मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेही अशाच विश्वासाने. औषध आणि प्रार्थना एकमेकांच्या आड येत नाहीत.

आता आजाऱ्याच्या भेटीला गेलो, की आमच्यातला एकजण आधी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजतो; दुसरा घरच्यांना लघवीचे विचारतो. शंका आली, तर पहिला फोन १०८ ला. रोझरी गाडीतही म्हणता येते.

हे प्रभो, आजाऱ्याजवळ बसताना आमचे डोळे उघडे ठेव, आणि त्याला वेळेवर उचलण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.